महाग घराच्या जिवावर स्वस्त घर

लालबाग-परळ पट्ट्यातल्या आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची पहिली सभा चाळीच्या चौकातच झाली. खोली आईच्या नावावर आहे, त्यामुळे मी मागच्या खुर्चीवर ऐकायला बसलो होतो. विकासकाकडून आलेला सल्लागार, जिथे गणपतीचा मांडव पडतो त्या जागी पडदा लावून आकडे दाखवत होता. 'तेहतीस-सातखाली एफएसआय तीन मिळतो,' असे तो म्हणाला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारले, 'तीन म्हणजे आम्हाला की तुम्हाला?' सभेत हशा पिकला. सल्लागारही हसला. 'आजी, ते सगळं नियमावलीत आहे,' एवढे बोलून त्याने पुढचा तक्ता लावला.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या आठवड्यात मी मुंबईची विकास नियंत्रण नियमावली वाचायला घेतली आणि अजून ती पुरती खाली ठेवलेली नाही. नगररचनेचे रीतसर शिक्षण मला नाही. त्यामुळे मी ती एखाद्या ग्रंथासारखी वाचली. कोणता शब्द कधी आला, कोणत्या आवृत्तीत काय बदलले, कोणते प्रकरण फुगत गेले, आणि ज्याच्यासाठी हा ग्रंथ लिहिला असे म्हणतात तो माणूस त्यात कुठे दिसतो का, असे प्रश्न मनात ठेवून. हा लेख त्या वाचनाचा निष्कर्ष आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मुंबईत घरे महाग का, याची दोन उत्तरे आपल्याकडे ठरलेली आहेत. एक म्हणजे, बांधकामावर बंधने फार आहेत, ती काढा. दुसरे म्हणजे, बिल्डर हावरट आहेत, बंधने वाढवा. नियमावली वाचल्यावर मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटू लागली. गेल्या तीन-चार दशकांत या नियमांनी एक यंत्र उभे केले आहे. त्यात गरिबाचे घर श्रीमंताच्या घराच्या किमतीतून बांधले जाते. हे यंत्र चालू राहायचे तर श्रीमंताचे घर महाग राहिलेच पाहिजे. म्हणजे घरे परवडावीत म्हणून केलेली व्यवस्थाच घरे न परवडण्यावर अवलंबून आहे.

कोनाकडून आकड्याकडे

सुरुवात जरा मागून करावी लागेल. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्यांत उजेड आणि हवा पोहोचत नाही म्हणून रोग फैलावतो, ही त्या काळची समजूत होती. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. खोलीच्या खिडकीबाहेर इतकी मोकळी जागा हवी, की समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून येणारा प्रकाश या कोनात खाली उतरला पाहिजे. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी.

ट्रस्टने गरिबांची घरे पाडली जास्त आणि बांधली कमी, ही टीका खरी आहे. पण नियम म्हणून हा कोन मला आवडतो. तो का केला हे त्याच्याकडे पाहूनच कळते. तळमजल्यावरच्या बाईला स्वयंपाक करताना दिवा लावावा लागू नये, असे तो सांगतो. तो विकत घेता येत नाही आणि शेजारच्या प्लॉटवरून उसनाही आणता येत नाही.

१९६४ च्या विकास आराखड्याबरोबर मुंबईत चटई क्षेत्र निर्देशांक आला. बोली भाषेत एफएसआय. प्लॉटच्या क्षेत्रफळाला या आकड्याने गुणायचे, तेवढे एकूण बांधकाम करायचे. हजार चौरस मीटरचा प्लॉट आणि निर्देशांक एक, म्हणजे सगळे मजले मिळून हजार चौरस मीटर. १९९१ च्या नियमावलीने तो मुंबई शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असा ठरवला. १.३३ का, १.२ किंवा १.८ का नाही, हे आकड्याकडे पाहून कळत नाही. गटारे, पाणी, रस्ते यांच्यावरचा ताण आवरण्याचे हे साधन आहे असे सांगितले गेले, आणि हेतू म्हणून ते पटण्यासारखे आहे. परंतु कोनाचा आकडा झाला की त्याची बेरीज, वजाबाकी, बदली आणि विक्री करता येते. पुढचा सगळा इतिहास या सोयीचा आहे.

या आकड्यात काय मोजायचे आणि काय सोडायचे, हेही वाचण्यासारखे आहे. नियमाप्रमाणे आवश्यक असलेली वाहनतळाची जागा एफएसआयमध्ये धरली जात नाही. गाडी उभी राहते ती जागा मोफत, माणूस झोपतो ती मोजून.

चाळी बांधणे कधी थांबले

गिरणगावातल्या चाळी सरकारने बांधल्या असा अनेकांचा समज असतो. बीडीडी चाळींबाबत तो खरा आहे. पण बहुतेक चाळी खासगी मालकांनी, भाडे मिळावे म्हणून, कोणतेही अनुदान न घेता बांधल्या. खोली लहान, संडास सामाईक, नळाला रांग. चाळीचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. आईने पहाटे चारला उठून पाणी भरलेले मी पाहिले आहे. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. गावाहून आलेल्या कामगाराला कायदेशीर छप्पर आपल्या पगारातून भाड्याने घेता येईल, असे घर या शहरात बाजार बांधत होता.

ते बांधणे कधी थांबले याचा एक लेखी पुरावा आहे. १९६९ च्या कायद्याने शहरातल्या जुन्या भाडेकरू इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमले आणि भाडेकरूंकडून उपकर घ्यायला सुरुवात केली. या उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांचे बांधकामाच्या काळानुसार तीन गट आहेत. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या १६,५०२. त्यानंतर १९५० पर्यंतच्या १,४८९. आणि १९५१ ते १९६९ या काळातल्या १,६५१. मालकीच्या सदनिकांच्या सहकारी सोसायट्या या यादीत नाहीत, त्यामुळे यावरून एकूण बांधकाम मोजता येणार नाही. भाड्याच्या घरांचे मात्र चित्र स्वच्छ आहे. शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती त्या जवळजवळ तीस वर्षांत भाड्यासाठी बांधलेल्या इमारती सव्वातीन हजारही भरत नाहीत.

कारणांत पहिला क्रमांक १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा. त्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले, आणि त्यानंतर बांधलेल्या इमारतीचे पहिले भाडे हेच तिचे प्रमाण भाडे ठरवले. युद्धकाळातली टंचाई पाहता तात्पुरता उपाय म्हणून ते समजण्यासारखे होते. पण तात्पुरता उपाय पन्नास वर्षे टिकला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे अवाजवी झाल्याचे म्हटले. मग १९९९ चा नवा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. ज्या भाड्यात मालकाचा रंगाचा खर्च निघत नाही त्याचे चार टक्के किती होतात, हे आमच्या चाळीत कुणालाही विचारा.

दुसरे कारण १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा. मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन सरकारने घ्यायची आणि गरिबांच्या घरांसाठी वापरायची, असा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात जमिनी वर्षानुवर्षे दाव्यांत आणि सवलतींच्या अर्जांत अडकून पडल्या. महाराष्ट्राने हा कायदा २००७ च्या नोव्हेंबरात रद्द केला.

तिसरे कारण नियमावलीत आहे आणि त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. अनेक जुन्या चाळींचे मूळ बांधकाम १.३३ च्या कितीतरी वर आहे. म्हणजे १९९१ च्या आकड्याने जुने शहर जसेच्या तसे पुन्हा बांधणे नियमबाह्य ठरवले. मोडकळीला आलेली चाळ पाडून मालकाने, खास सवलत न घेता, तितक्याच भाडेकरूंना तितक्याच खोल्या बांधून द्यायच्या म्हटल्या तरी आकडा आडवा आला असता. ज्या नियमात अस्तित्वात असलेले शहर बसत नाही, त्याला अपवाद करावेच लागतात. तसे ते झाले, आणि त्यांचेच प्रकरण फुगत गेले.

अपवादांचे प्रकरण

नियम तेहतीस हा नियमावलीचा खरा गाभा आहे. त्यात जादा एफएसआय कुणाला आणि कशाच्या बदल्यात मिळेल ते लिहिले आहे. ३३(७) उपकरप्राप्त इमारतींसाठी, ३३(९) समूह विकासासाठी, ३३(१०) झोपडपट्टी पुनर्वसनासाठी. शिवाय म्हाडाच्या वसाहती, रुग्णालये, शाळा, हॉटेले, सार्वजनिक वाहनतळ असे बरेच काही. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या आवृत्तीचे नावही बदलले. १९९१ ची 'विकास नियंत्रण नियमावली' होती. आताची 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली' आहे. मधला शब्द उगाच आलेला नाही. मूळ आकडा कमी ठेवायचा आणि त्यातून सूट देणे हेच प्रोत्साहन, अशी ती रचना आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. उत्तर समजावे म्हणून एक काल्पनिक प्लॉट घेऊ. क्षेत्र हजार चौरस मीटर, चाळीत साठ खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फूट, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. एफएसआय तीन मिळाला, म्हणजे तीन हजार चौरस मीटर बांधकाम. सध्याच्या नियमाप्रमाणे भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मोफत द्यायचे. भिंती, जिने धरून ते साधारण ३३ चौरस मीटर होते. साठ घरांचे सुमारे दोन हजार. उरले हजार चौरस मीटर विक्रीसाठी. त्यात शंभर-शंभर मीटरची दहा घरे बसतील. पस्तीस टक्के फंजिबल धरले तर दोन्ही बाजू थोड्या फुगतात, प्रमाण तेच राहते.

तेव्हा आजी, तीनपैकी दोन आपल्याला आणि एक त्यांना. ऐकायला हा व्यवहार आपल्या बाजूचा वाटतो. पण त्यांच्या एकातून आपल्या दोनांचा खर्च निघायचा आहे. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चौरस मीटरने स्वतःचा खर्च भरून शिवाय पुनर्वसनाच्या दोन चौरस मीटरचा खर्च भरायचा. त्यात संक्रमण काळातले भाडे, महापालिकेची अधिमूल्ये, कर्जाचे व्याज आणि विकासकाचा नफा मिळवा. इतके ओझे पेलणारे घर स्वस्त असूच शकत नाही. आणि ज्या दिवशी विक्रीचा दर उतरतो त्या दिवशी मोफत घरांचे कामही थांबते. अर्धवट उभे सांगाडे आणि भाड्याचे धनादेश बंद झालेली कुटुंबे मुंबईत कमी नाहीत. त्यांची दैना बरेचदा या गणितातून आलेली असते, मग विकासक प्रामाणिक असो वा नसो.

दुसरी बाब संख्येची. या उदाहरणात बांधकाम तिप्पट भरते, पण साठ कुटुंबांच्या जागी सत्तर राहतात. जुन्या रहिवाशांना मोठे घर मिळाले हा खरा लाभ आहे, त्याला कमी लेखू नये. परंतु शहरात उद्या येणाऱ्या परिचारिकेसाठी, सुरक्षा रक्षकासाठी, कुरिअरवाल्यासाठी या पुनर्विकासातून एकही घर निघाले नाही. वाढीव दहा घरे त्यांची नव्हेत. पूर्वी चाळीत मोकळी झालेली एखादी खोली तरी मिळायची.

झोपडपट्टी पुनर्वसनात हे गणित अधिक उघडे आहे. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचे आश्वासन दिले होते, म्हणजे सुमारे आठ लाख घरे. पहिल्या पंचवीस वर्षांत तीन लाखही झाली नाहीत. १९९७ च्या नियमांत पुनर्वसनाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे विक्रीसाठी शहरात ०.७५, उपनगरांत १ आणि धारावीत १.३३ चौरस मीटर असे प्रमाण होते. हे तीन आकडे मला फार बोलके वाटतात. जिथे विक्रीचा भाव चढा तिथे थोडक्यात भागते. जिथे भाव कमी तिथे जास्त बांधावे लागते. म्हणजे वस्ती जितकी गरीब, तितकी तिच्यावर दाटी अधिक. नियम कोणत्या तर्काने लिहिला आहे हे नियम स्वतःच सांगतो. योजना कुठे आधी होईल हेही मग गरजेवर ठरत नाही, भावावर ठरते. वरळीतली झोपडपट्टी आधी उठते, गोवंडी-मानखुर्द वाट पाहत राहते.

ज्या नियमात दुसरी शक्यता होती त्याचे काय झाले तेही पाहावे. १९९१ च्या नियमावलीतला नियम ५८ गिरण्यांच्या जमिनींबद्दल होता. मोकळ्या जागांसाठी महापालिकेला एक तृतीयांश, घरांसाठी म्हाडाला एक तृतीयांश, उरलेले मालकाला. शहराच्या मधोमध असलेल्या सुमारे सहाशे एकरांचा हा प्रश्न होता. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन वगळली गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दुरुस्तीच्या विरोधात निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती उचलून धरली. कुणाच्याही महागड्या सदनिकेवर न विसंबता स्वस्त घरांसाठी जमीन मिळण्याची मुंबईतली बहुधा शेवटची मोठी संधी एका दुरुस्तीने गेली.

दोन अभ्यासक

या विषयावर इंग्रजीत गंभीर वाद झाला आहे. मराठीत त्याची चर्चा 'एफएसआय वाढवा' आणि 'वाढवू नका' या दोन घोषणांत संपते.

जागतिक बँकेत काम केलेले नगररचनाकार आलाँ बेर्तो यांनी २००४ च्या सुमारास मुंबईच्या एफएसआयवर कठोर टीका केली. त्यांचे म्हणणे असे की, मागणी वाढत असताना बांधकामावर इतका कमी निर्देशांक लादला की जागा दुर्मिळ होते, भाव चढतात, माणसे लहान जागेत कोंबली जातात आणि शहर दूरवर पसरते. याला शिरीष पटेल यांनी उत्तर दिले. पटेल हे अभियंता. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासह १९६५ मध्ये त्यांनी नवी मुंबईची कल्पना मांडली होती. त्यांचा मुद्दा असा की मॅनहॅटनसारखी उदाहरणे फसवी आहेत. तिथे दर माणशी जागा मोठी, त्यामुळे उंच इमारतींतही माणसे कमी. मुंबईत दर माणशी जागा इतकी थोडी आहे की तोच एफएसआय दिला तर कितीतरी जास्त माणसे त्या रस्त्यावर उतरतील. म्हणून इमारत मोजू नका, रस्त्याच्या आणि मैदानाच्या वाट्याला येणारी माणसे मोजा.

मला दोघांकडूनही शिकायला मिळाले, आणि दोघांशीही मतभेद आहे. बेर्तो यांचा तर्क बांधण्याची मुभा सर्वांना सारखी आणि विनाशुल्क मिळेल असे धरून चालतो. मुंबईत जादा एफएसआय मिळतो तो अटींवर, प्रकरणागणिक आणि पैसे मोजून. तेव्हा तो वाढला की त्याचा लाभ आधी जमिनीच्या किमतीत शिरतो आणि मग सरकारच्या तिजोरीत. ग्राहकापर्यंत थोडेच उतरते. पटेलांची मोजपट्टी मला अधिक योग्य वाटते, आणि मोफत घरांच्या गणितावरही त्यांनी फार आधी बोट ठेवले होते. पण एफएसआय कमी ठेवल्याने माणसे यायची थांबली नाहीत. ती आली आणि जिथे कुणी एफएसआय मोजत नाही तिथे राहिली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईतले सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत होते. रस्त्यावरची गर्दी टाळायला केलेल्या नियमाने ती झोपडपट्टीच्या गल्लीत नेऊन ठेवली.

राज्यकर्त्यांनी मात्र दोघांचेही सोयीचे तेवढे घेतले. २०१५ च्या आराखड्याच्या मसुद्यात काही भागांत आठपर्यंत निर्देशांक सुचवला गेला. गदारोळ झाला आणि मसुदा फेरविचारासाठी परत गेला. २०१८ च्या नियमावलीत रस्त्याच्या रुंदीशी जोडलेला तक्ता आला. सत्तावीस मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर शहरात तीनपर्यंत, उपनगरांत अडीचपर्यंत. नऊ मीटरहून अरुंद गल्लीत मूळ आकडाच. यात पटेलांच्या विचाराची सावली आहे आणि दिशा बरोबर आहे. पण तेहतीसाव्या नियमातल्या योजनांना हा तक्ता तसाच लागू होत नाही. आणि तक्त्यातही मूळ आकडा १.३३ आणि १ असाच आहे. वरचा भाग अधिमूल्य भरून किंवा टीडीआर विकत घेऊन मिळवायचा.

परवानगीचा गल्ला

महापालिका रस्त्याची रुंदी पाहून तीन एफएसआय झेपतो असे म्हणत असेल, तर १.३३ च्या पुढचा भाग ती विकते कशासाठी? आणि झेपत नसेल, तर पैसे घेतल्याने तो झेपू लागतो का? ताण आवरण्याचे साधन म्हणून आलेला आकडा इथे महसुलाचे साधन झाला आहे.

करोनाकाळात हे लख्ख दिसले. जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांधकामाच्या अधिमूल्यांत वर्षअखेरपर्यंत पन्नास टक्के सूट दिली. प्रस्तावांची रीघ लागली. महापालिकेच्या विकास नियोजन खात्याचे उत्पन्न अंदाजपत्रकात दोन हजार कोटी धरले होते. ते सुधारित अंदाजात चौदा हजार कोटींच्या पुढे गेले. दर निम्मे केल्यावर इतकी रीघ लागते, याचा अर्थ पूर्ण दराला किती बांधकाम थोपून राहिले होते हे सरळ आहे. पण त्याहून मला दुसरी गोष्ट खटकते. अधिमूल्य रेडी रेकनरच्या जमीन दराच्या टक्क्यांत ठरते. म्हणजे जमीन महाग होईल तसे महापालिकेचे उत्पन्न वाढते. घरे स्वस्त करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर, त्यांचा गल्ला घरे महाग राहण्यावर भरतो. यासाठी कुणी भ्रष्ट असण्याची गरज नाही. प्रामाणिक आयुक्तालाही अंदाजपत्रक जुळवावेच लागते.

भाड्याची घरेही याच साच्यात घालून पाहिली गेली. २००८ मध्ये एमएमआरडीएने मुंबईबाहेरच्या पट्ट्यात भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. १६० चौरस फुटांची स्वयंपूर्ण खोली, निर्देशांक चार; त्यातला एक भाग भाड्याच्या खोल्यांसाठी, तीन भाग विकासकाला विक्रीसाठी. काही वर्षांत भाड्याची कल्पना मागे पडली आणि योजनेला विक्रीच्या परवडणाऱ्या घरांचे रूप आले. दरम्यान शहरात आधीच बांधलेली घरे बंद पडून होती. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत साडेचार लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. भाव चढतच राहणार याची खात्री असेल तर भाडेकरूची कटकट कोण घेईल? महागाईवर उभे असलेले यंत्र ही खात्रीही देते.

उरलेली माणसे कुठे गेली ते विरार, दिवा, बदलापूरच्या लोकलमध्ये चढलेल्या कुणालाही माहीत आहे. मुंबईत कायदेशीर लहान खोली मिळत नाही म्हणून ती दूरच्या किंवा बेकायदा खोलीत गेली. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम सुरू असलेली एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. इमारत पुरी झाली नव्हती, तरी खालच्या मजल्यांवर लोक राहत होते. त्या इमारतीला परवानगी नव्हती हे आपण तेव्हा खूप ऐकले. तिथल्या माणसांना परवडेल असे परवानगी असलेले घर कुठे होते, हे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही.

मग काय करावे

'म्हणजे तुम्हाला पुन्हा चाळी बांधायच्या आहेत का?' असे एका मित्राने विचारले. सामाईक संडासाच्या चाळी नकोत. पण खोलीत उजेड, वारा, पाणी आणि जिन्याला आगीपासून सुरक्षितता, एवढे कसोशीने पाहून बाकी माणसाच्या खिशावर सोडणारा नियम हवा. ऑर यांच्या कोनासारखा. ज्याचे कारण त्याच्याकडे पाहून कळेल आणि जो विकता येणार नाही.

दुसरे, रस्ता, पाणी आणि मैदान पाहून जेवढे बांधकाम झेपते तेवढे ठरवावे आणि ते त्या जागेवर सर्वांना हक्काने, अधिमूल्याशिवाय मिळावे. त्याच्या वर कुणालाच नाही, कोणत्याही उदात्त हेतूसाठी नाही. महापालिकेला पैसा लागतोच, तर तो जमिनीच्या मूल्यावर दरवर्षी कर लावून घ्यावा. मग रिकामी घरे आणि पडीक प्लॉट धरून ठेवणे महाग पडेल, आणि नव्याने बांधणे स्वस्त.

तिसरे, गरिबांच्या घरांचा खर्च उघडपणे सरकारी तिजोरीतून व्हावा आणि त्यासाठी सरकारी जमीन वापरावी. आज तो विकत घेणाऱ्याच्या हप्त्यात लपलेला आहे. लपलेला खर्च कुणी तपासत नाही. अंदाजपत्रकात आला तर विधानसभेत निदान प्रश्न विचारता येईल की इतक्या कोटींत घरे किती झाली.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. ही व्यवस्था आज बंद केली तर ज्यांच्या इमारती मध्येच अडकल्या आहेत त्यांचे काय? आमच्या चाळीचे काय? उत्तर सोपे नाही. १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेली इमारत धोरण सुधारायची वाट पाहत उभी राहत नाही; भेंडीबाजारात ३१ ऑगस्ट २०१७ ला हुसैनी इमारत पडली तेव्हा ३३ जण गेले. त्यामुळे चालू योजना पुऱ्या कराव्या लागतील, आणि हे यंत्र निदान नव्या जागांवर तरी आणखी पसरू देऊ नये, एवढेच आज म्हणता येते.

आमच्या चाळीत संमतीपत्रांवर सह्या झाल्या. पूर्वी सत्तर टक्के लागत, आता एक्कावन्न पुरतात. आईनेही सही केली, आणि मी तिला कर म्हटले. तीनशे फुटांचे घर, स्वतःचा संडास, चोवीस तास नाही तरी घरात येणारे पाणी. तिने आणखी किती वर्षे वाट पाहायची? आजींना मी कागदावर चौकोन काढून हिशेब समजावला. दोन आपले, एक त्यांचा, आणि आपल्या दोनांचे पैसे त्या एकातून. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग विचारले, 'अरे, पण तो एक एवढा महाग घेणार कोण? आणि नाही घेतला कुणी, तर?'

नियमावलीत याचे उत्तर मला सापडलेले नाही.